पाळी जाण्याच्या वयातली सांधेदुखी : न तपासता दिलेले दोन निकाल

चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांचे दुखणारे खांदे, सकाळी न वळणारी बोटे, जिना उतरताना कळ मारणारे गुडघे आणि अंथरुणातून पाय खाली ठेवताच ठणकणारी टाच यांविषयी आता उघडपणे बोलले जाऊ लागले आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती रीत त्या दुखण्याला न्याय देणारी नाही. नाशिकमध्ये महिला मंडळाच्या सभेत, भिशीत किंवा गंगापूर रोडवर सकाळी फिरायला निघालेल्या मैत्रिणींच्या घोळक्यात विषय निघाला की काही मिनिटांत दोन तट पडतात. पहिला तट सांगतो की पाळी जाणे हा निसर्गक्रम आहे, आई-आजीने त्याचा कधी बाऊ केला नाही आणि हे खूळ औषध कंपन्यांनी उठवले आहे. दुसरा तट तेवढ्याच ठामपणे सांगतो की सगळा खेळ हार्मोनचा आहे, कमी झाले ते भरून काढले की अंगदुखी थांबेल. माझे म्हणणे असे की हे दुखणे नैसर्गिक की आजार, या प्रश्नाच्या उत्तरावर उपचार ठरतच नाहीत. या वयात सुरू झालेले प्रत्येक दुखणे हात लावून तपासले गेले पाहिजे, त्याचे कारण वेगळे काढले गेले पाहिजे, आणि त्या बाईच्या अंगावर पडणारे काम व तिच्या स्नायूंची ताकद यांचा मेळ घातला गेला पाहिजे. दोन्ही तट नेमके येथेच चुकतात, कारण दोघेही बाईला न तपासताच निकाल देऊन मोकळे होतात.

आधी जे ठाऊक आहे ते नीट मांडू. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते, पण ती एका दिवशी थांबत नाही. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची, पातळी वरखाली होत राहते. म्हणजे चाळिशीच्या सुरुवातीलाच, पाळी अजून येत असताना, शरीरात हा बदल सुरू झालेला असतो, आणि पाळी येत असल्यामुळेच दुखऱ्या बोटांचा व त्या बदलाचा काही संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. इस्ट्रोजेनचा संबंध फक्त गर्भाशयाशी आहे, ही आपली समजूत अपुरी आहे. हाडे, स्नायू, कूर्चा (सांध्यातले मऊ हाड), कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि सांध्यांचे अस्तर या सर्व ठिकाणी त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून पुढची दोनेक वर्षे हाडांची घनता सर्वांत वेगाने घटते; स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद याच काळात उतरू लागते; रात्री घामाने झोप मोडत असेल तर वेदना अधिक तीव्रतेने जाणवते, ती वेगळीच. हे निरीक्षण काल-परवाचे नाही. अमेरिकेतील रसेल सेसिल आणि बेंजामिन आर्चर या डॉक्टरांनी १९२५ साली रजोनिवृत्तीच्या काळातील संधिवातावर निबंध प्रसिद्ध केला होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २०२४ साली, अस्थिशल्यविशारद व्होंडा राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व तक्रारींना मिळून एकच नाव सुचवले आणि ७० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना या स्थित्यंतरात स्नायू-सांध्यांचा त्रास होतो, २५ टक्के स्त्रियांना तो कामातून उठवण्याइतका होतो, असे मांडले. या दोन निबंधांमध्ये एक शतक गेले, याचा विचार खुळाचा आरोप करणाऱ्यांनी अवश्य करावा.

पण वयच झाले, सांधे झिजणारच, पुरुषांचेही झिजतात, यात संप्रेरकाचा काय संबंध? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो उडवून लावता येत नाही. वय आणि रजोनिवृत्ती हातात हात घालून येतात, त्यामुळे दोषाचा वाटा कोणाचा किती, हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येत नाही. तरीही या बाबतीत वैद्यकाकडे एक पुरावा आहे, जो कोणी मुद्दाम गोळा करायला गेले नव्हते. स्तनाच्या काही प्रकारच्या कर्करोगात लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल या गोळ्या दिल्या जातात. त्या शरीरात उरलेसुरले इस्ट्रोजेनही तयार होऊ देत नाहीत. या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींना सांधेदुखी सुरू होते किंवा असलेली वाढते, आणि कर्करोगावरचे उपचार अर्ध्यावर सोडण्याचे ते एक मोठे कारण ठरते. येथे वय एका रात्रीत वाढलेले नसते. बदललेले असते ते संप्रेरक. म्हणून संबंध आहे हे मान्य करावे लागते. तो एकमेव आहे, असे मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्या तटाची घाई येथूनच सुरू होते.

त्या घाईकडे वळण्याआधी ‘नैसर्गिक’ या युक्तिवादाचा निकाल लावू. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होणे हेदेखील संपूर्ण नैसर्गिक आहे. तरी वर्तमानपत्र हातभर लांब धरून सोसत बसा, असे आपण कोणाला सांगत नाही, सरळ चष्मा करून देतो. मग निसर्गाचा दाखला बाईच्या गुडघ्यापाशीच का आठवतो? इतिहास पाहिला तर स्त्रीच्या देहाबाबत हा दाखला वारंवार पुढे केला गेला आहे. एडिंबरामध्ये जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा प्रसूतिवेदना निसर्गाने, किंबहुना देवाने, नेमून दिलेल्या आहेत, त्यात ढवळाढवळ नको, असे म्हणणारे डॉक्टर आणि धर्मोपदेशक दोघेही होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या बाळंतपणात तो घेतला आणि मग विरोधाची धार बरीच बोथट झाली. राणीच्या वेदनेला जी सूट मिळाली ती मजूर बाईला मिळायला किती काळ जावा लागला, हा निराळा विषय. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले तेव्हाही निसर्गनियमांचा हवाला देणारे कमी नव्हते. ज्या गोष्टी त्या काळी निसर्गाच्या नावाखाली सोसायला लावल्या जात होत्या, त्यातली एखादी तरी आज पुन्हा सोसायला लावावी असे आपल्याला वाटते का?

राहता राहिले आई-आजीचे सोसणे. त्यांनी तक्रार केली नाही, हे खरेच आहे का? घराघरांत निर्गुडीचा पाला गरम करून शेक घेतला जात होता, बिब्ब्याचे चटके दिले जात होते, तेल जिरवले जात होते, ‘वात धरला आहे’ म्हणून हरभऱ्याची डाळ आणि वांगे ताटातून बाजूला काढले जात होते. ज्या दुखण्यासाठी इतका मोठा घरगुती दवाखाना उभा राहिला, ते दुखणे नव्हतेच असे कसे म्हणावे? तक्रार होती, ती ऐकणारे आणि टिपून ठेवणारे कोणी नव्हते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्या पाहणीपूर्वी कोणी विचारले असते, तर गावातल्या बायकांची याबाबत काही तक्रार नाही, असेच उत्तर मिळाले असते. सांधेदुखीच्या बाबतीत आपण अजून त्या पाहणीपूर्वीच्या जागीच उभे आहोत.

आता बाजाराचा आक्षेप. पहिल्या तटाचा हा मुद्दा मला त्यांच्या सर्व मुद्द्यांत सर्वांत खरा वाटतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत रजोनिवृत्ती म्हणजे संप्रेरकाच्या कमतरतेचा आजार आणि इस्ट्रोजेन म्हणजे तारुण्य टिकवणारी गोळी, असा प्रचार जोरात झाला. १९७५ साली एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध झाले आणि तो फुगा फुटला. पुढे संप्रेरकांचे मिश्रण पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले. २००२ साली एका प्रयोगमालेतला १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले, जरी अस्थिभंग कमी झाले होते. त्यानंतर भीतीची लाट अशी आली की ज्यांना या औषधाचा खरोखर उपयोग झाला असता त्यांच्याही हातातून ते काढून घेतले गेले. त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि पन्नाशीच्या आत-बाहेर उपचार सुरू करणाऱ्या स्त्रीचा हिशेब वेगळा असतो, हे पुढे हळूहळू स्पष्ट होत गेले. म्हणजे पन्नास वर्षांत वैद्यक एका टोकावरून दुसऱ्या टोकाला दोनदा जाऊन आले. आज तिसऱ्यांदा तो झोका पहिल्या टोकाकडे निघालेला असताना सावध राहणाऱ्याला प्रतिगामी म्हणण्याचे कारण नाही.

आणि या प्रयोगमालेतच आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला एक आकडा आहे. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना फक्त इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यापैकी ७६.३ टक्के स्त्रियांनी वर्षभरानंतर सांधेदुखी सांगितली. ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती त्यांच्यापैकी ७९.२ टक्के स्त्रियांनी. फरक खरा आहे, पण तीन टक्क्यांचा आहे. हार्मोन दिले की अंगदुखी गेली, असे सांगणाऱ्यांनी हा आकडा आपल्या टेबलावर लावून ठेवावा. पण पहिल्या तटानेही त्याच ओळीतला दुसरा अर्थ वाचावा: औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत चारपैकी तीन स्त्रियांचे सांधे दुखत होते. एवढ्या व्यापक दुखण्याला खूळ म्हणायचे असेल, तर वैद्यकाला काम तरी काय उरते?

‘सगळे हार्मोनचे आहे’ या निकालाचा धोका बाजारापुरता मर्यादित नाही. एकदा हे लेबल चिकटले की त्याच्याखाली भलतेच काही दडून राहते. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहतात, बोटांच्या मुळांशी सूज आहे, दोन्ही हातांत सारखेच दुखते, अशी लक्षणे असतील तर तो आमवात असू शकतो. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो आणि त्यावरचे औषध लवकर सुरू झाले नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. थायरॉइडचे काम मंदावले की अंग जड होऊन दुखते. ड जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता हाडे मऊ करते. आखडलेल्या खांद्यामागे मधुमेह निघतो. २००६ साली नाशिक जिल्ह्यासह राज्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, त्यानंतरही तो तापाच्या हंगामात डोके वर काढत राहिला, आणि ताप उतरल्यानंतर महिनोन्महिने सांधे धरलेले राहणे हा त्या आजाराचा स्वभावच आहे. छेचाळीस वर्षांच्या बाईला यातले काहीही असू शकते, किंवा यातले दोन आणि पाळीचा बदल असे तिन्ही एकत्र असू शकतात. हे ओळखायला फार मोठी यंत्रे लागत नाहीत. दहा मिनिटे, दोन हात आणि रक्ताच्या तीन-चार साध्या तपासण्या पुरतात. रक्तस्राव, गुठळ्या, कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास हे सारे पाहून, अंगाची लाही किंवा हाडांचा धोका ठळक असेल तर डॉक्टर संप्रेरकाचा विचार करतील. तो निर्णय डॉक्टर आणि त्या बाईमधला आहे आणि त्यावर भिशीत मतदान घेण्याची गरज नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो दोन्ही तटांच्या बाहेरून येतो आणि म्हणूनच त्याला कोणी उत्तर देत नाही. ही सारी चर्चा कॉलेज रोडवरच्या बायकांची आहे, राबणाऱ्या बाईला याचे काय, असा तो आक्षेप आहे. नाशिक जिल्ह्यात तर तो अधिकच टोचतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ, सुरगाण्याकडच्या बायकांच्या टोळ्या येतात. मांडवाखाली उभे राहून घडांची विरळणी करायची, पुढे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. दोन्ही कामांत हात तासन्तास खांद्याच्या वर. कांद्याच्या लागवडीत दिवसभर कंबरेत वाकून रोप दाबत मागे सरकायचे. लासलगाव, पिंपळगावच्या खळ्यांवर उकिडवे बसून कांदा निवडायचा. सिन्नरकडे मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून विड्या वळायच्या. काम बहुतेक उक्ते, म्हणजे हात मंदावला की टोळीत जागा अवघड. अशा बाईला ‘तुमचे इस्ट्रोजेन कमी झाले आहे’ असे सांगणे म्हणजे तिच्या दुखण्यातला सर्वांत मोठा भाग झाकून ठेवणे आहे, असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करीन.

पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. दुखण्याचे कारण गरिबी आणि काम आहे, म्हणून रजोनिवृत्तीचा विचार हा चैनीचा विचार आहे, असे होत नाही. उलट ज्या वर्षांत कंडरा, कूर्चा आणि स्नायू यांची सावरण्याची क्षमता घटते, त्याच वर्षांत तिच्यावर हात वर धरण्याचे आणि उकिडवे बसण्याचे ओझे तेवढेच राहते. तिशीत तेच काम झेपले ते पंचेचाळिशीत का झेपेना, याचे उत्तर कामात नाही, कारण काम बदललेले नाही. म्हणजे शरीरातला बदल लक्षात घेणे तिच्यासाठी अधिक निकडीचे आहे. शहरातली बाई दुखऱ्या खांद्याला आठवडाभर विश्रांती देऊ शकते. हिने खाडा केला की त्या दिवसाचा रोज बुडतो.

याच आक्षेपाची दुसरी बाजू व्यायामाविषयी आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम कसला सांगता, असे विचारले जाते आणि प्रश्न ऐकताच सगळे गप्प होतात. गप्प होण्याचे कारण नाही. श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात ओझे बेताने वाढवले जाते, सर्व स्नायूंना वाटा मिळतो आणि मध्ये सावरायला वेळ मिळतो. श्रमात एकाच जागी तोच ताण हजारदा पडतो, वेळ मालक ठरवतो आणि संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवायची असते. दीर्घकाळ गुडघे दुमडून बसण्याची कामे गुडघ्याच्या झिजेला हातभार लावतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. मांड्या आणि ढुंगणाचे स्नायू बळकट असले तर तेच गुडघे कमी दुखतात, हेही दिसले आहे. हाडांबाबत तर अधिक ठोस पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात ५८ वर्षांपुढच्या, हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलायला लावली. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. म्हाताऱ्या बाईने जड उचलू नये, हा आपला आवडता सल्ला त्यामुळे तपासून घ्यावा लागेल. नुसते चालणे चांगलेच, गोदाकाठी चालत असाल तर आणखी चांगले, पण चालण्याने खांदा आणि मांडी बळकट होत नाहीत. त्यासाठी ओझे लागते आणि ताटात डाळ, उसळ, अंडे, दूध यांपैकी काहीतरी रोज लागते, जे सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला अनेकदा तळाशी उरलेले येते.

तपासणी झाली नाही तर तिची जागा रिकामी राहत नाही. ती जागा सुई घेते. दुखते म्हणून गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, अशक्तपणा म्हणून एक सलाईन, मेडिकलमधून न विचारता मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, आणि कोणी गुण येतो म्हणून सांगितलेली पुडी, जिच्यात अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. गुण येतो हे खरेच. पण वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडते, आणि स्टेरॉइड हाडे पोखरते, तेही नेमके त्याच वर्षांत जेव्हा हाडे आधीच वेगाने विरळ होत असतात. नैसर्गिक आहे, सोसा, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की बाई सोसत नाही; ती जवळ मिळेल तो उपाय करते.

आणि नैसर्गिक म्हणावे तर सर्वांची पाळी नैसर्गिकपणे जातेच कुठे? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश (अंडाशय) काढले गेले तर तिशीतल्या बाईचे इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळते. बीजांडकोश ठेवले तरी त्यांचे काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते. अशा बाईला पाळी गेल्याची खूणच उरत नाही, आणि पस्तिशीत कंबर धरली तर तिचा संबंध पाच वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेशी कोण जोडणार? तिच्या कागदपत्रांत बीजांडकोश काढले की ठेवले याची नोंद तरी असावी, ही मागणी फार मोठी आहे का?

सरकारी आरोग्यव्यवस्था बाईकडे पाहते ती मुख्यत्वे गरोदरपणात. नोंदणी, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातले बाळंतपण यांमुळे मातामृत्यू कमी झाले, हे मोठे यश आहे आणि ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचपणी करण्याची योजनाही आहे. त्या चाचपणीत आणखी चार प्रश्न घालायला नवे खाते काढावे लागत नाही. पाळी कधी बदलली किंवा पिशवी काढली आहे का. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात. खांद्याच्या वर हात जातो का. दुखण्यासाठी सध्या काय घेता. त्यानंतर तिला खुर्चीवर बसवून, हात छातीशी बांधून, पाच वेळा उठायला सांगावे. बारा सेकंदांत हे जमले नाही तर पायांची ताकद घटली असण्याचा संशय धरतात; आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली हा निकष सुचवला आहे. एक खुर्ची आणि मोबाईलमधले घड्याळ, एवढ्यावर हे काम आशाताई करू शकते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. द्राक्षबागेतल्या आणि खळ्यावरच्या स्त्रियांचे खांदे-गुडघे हा त्याच्या भौतिकोपचार व स्त्रीरोग शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी हाताशी असलेला अभ्यासविषय आहे.

वेळेचा मुद्दा तेवढा लक्षात ठेवावा लागेल. सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ हीच छाटणीनंतरच्या कामाचीही वेळ असते, त्यामुळे तपासणी दवाखान्यात ठेवली तर टोळीतली बाई येणार नाही. ती बागेजवळच्या वस्तीवर, संध्याकाळी, मुकादमाला आधी सांगून ठेवावी लागेल. आणि ज्या बागायतदारांना निर्यातीसाठी फवारणीची तारीखवार नोंद ठेवणे जमते, त्यांना विरळणीच्या कामात दर तासाला पाच मिनिटे हात खाली घेण्याची मुभा देणे आणि उंच घडांसाठी पायाखाली भक्कम चौरंग ठेवणे जमू नये, असे मला वाटत नाही.